कंदीलवाल्या भुताचा फोटो

नाशकात पाथर्डी फाट्याजवळच्या दोन खोल्यांच्या घरात किशोर लहांगेने तीन लोखंडी ट्रंका भरून भुतं जमवली होती. सिनेमातली भुतं. पूर्वी थेटराच्या दारात काचेची पेटी असायची आणि तिच्यात चालू सिनेमाचे आठ-दहा फोटो टाचणीने लावलेले असायचे, ते फोटो. विहिरीतून वर येणारा हात, कबरीवर बसलेलं मांजर, हवेलीच्या जिन्यावर मेणबत्ती घेऊन उभी असलेली बाई. बरेचसे काळे-पांढरे. काही हाताने रंगवलेले, म्हणजे रक्त तेवढं लाल आणि बाकी सगळं राखाडी.

किशोर एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन. गाड्यांचे दिवे, हॉर्न, वायपर बघायचे आणि संध्याकाळी घरी यायचं. माणूस इतका भिडस्त, की टपरीवर त्याचा चहा दुसऱ्याने उचलला तर तो दुसरा मागवायचा, पण बोलायचा नाही. अशा माणसाला भुतांचा नाद कसा लागला, हे कॉलनीत कुणाला कळत नसे. शेजारणी त्याच्या बायकोला विचारायच्या, तृप्तीवहिनी, तुम्हाला झोप कशी लागते हो? तृप्ती म्हणायची, "भुतं पलंगाखाली असतात आणि घोरणारा पलंगावर. मला त्रास वरच्याचाच जास्त."

तृप्तीचं एक वाक्य मात्र किशोरला लागायचं. ट्रंकांवरची धूळ झटकताना ती कधीतरी म्हणायची, "सासूबाईंचा एक धड फोटो नाही आपल्या घरात, आणि या सटव्यांच्या तीन ट्रंका."

या ट्रंकांमध्ये किशोर आईलाच शोधत होता, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर हसली असती, असं त्याला वाटे. या गोष्टीवर आजवर सगळेच हसले होते.

घोटीच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. तिथे ही गोष्ट लहानथोर सगळ्यांना पाठ होती, पण चेष्टेची म्हणून. त्याची आई फुलाबाई लग्न होऊन वाडीवर आली, त्या वर्षीची गोष्ट. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीसाठी काळ्या मण्यांची पोत ओवायची, ते काम थोरल्या जावेचं. थोरली जाऊ भागीबाई. ओवता ओवता मणी कमी पडले. बाजार लांब, वेळ थोडा. तिने आपल्या तान्ह्या पोराच्या करदोड्यातली कवडी सोडवली आणि मधोमध ओवून टाकली. झाली पोत. नवऱ्याने, सोमाने, ती फुलाबाईच्या गळ्यात बांधली.

त्याच थंडीत डोंगरातल्या जुन्या बंगल्यावर मुंबईहून सिनेमावाले आले. भुताचा सिनेमा होता. फुलाबाई लाकडाची मोळी घेऊन इगतपुरीकडे निघाली होती. त्यांची नटी तापाने फणफणलेली, आणि तळ्याच्या काठावर लांबून दाखवायला एक उंच, शेलाटी बाई हवी होती. त्यांनी फुलाबाईला मोळी खाली ठेवायला लावली, पांढरं लुगडं नेसवलं, केस मोकळे सोडले आणि तोंडाला पिठासारखं काहीतरी फासलं. मग रंगवणारा माणूस म्हणाला, गळ्यातली पोत काढ. सिनेमातलं भूत कुंवार मुलीचं होतं.

फुलाबाई म्हणाली, नवरा जिता हाय, पोत काढायची नाय.

त्याने समजावलं, रागावला, शेवटी साहेबाला बोलावून आणलं. इतक्यात ती करवंदीच्या जाळीमागे जाऊन आली. गळा मोकळा होता. सगळ्यांचं समाधान झालं. पोत तिने डाव्या मनगटाला गुंडाळली होती आणि वरून पदर घेतला होता. पोत अंगावर होती म्हणजे तिच्या मते ती काढलेली नव्हती.

तिच्या हातात पेटता कंदील दिला. कंदील उंच धरून उभं राहायचं, एवढंच काम. ते झाल्यावर गळ्यात छोटा कॅमेरा अडकवलेला एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, आता माझ्यासाठी एकदा. "मी बस म्हणेपर्यंत कंदील खाली घ्यायचा नाही." त्याने फोटो काढला. हा फोटो थेटरावर लागेल, असंही सांगितलं. फुलाबाई बिस्किटांचा पुडा घेऊन घरी आली आणि तिने सगळ्या वाडीला सांगितलं.

वर्षभराने तो सिनेमा घोटीला आला. तेव्हा घोटीला तंबूतलं थेटर होतं, त्याला काचेची पेटी कुठली असणार! वाडी बैलगाड्या जुंपून गेली. सिनेमात बंगला होता, तळं होतं, कंदीलही लांबून हलताना दिसला. मग पांढऱ्या लुगड्यातली बाई वळली, तर ती त्यांची नटी. फुलाबाई कुठेच नव्हती. परतीच्या वाटेवर गाडीत भागीबाई म्हणाली, "आमची हिरोईन कंदिलाच्या आत बसली होती का गं?"

गाडी हसली, आणि तेव्हापासून फुलाबाईचं नाव हिरोईन पडलं. भाताच्या लावणीला बाया म्हणायच्या, हिरोईन, चिखलात पाय नका घालू, मळतील. लग्नाच्या पंगतीत म्हणायच्या, हिरोईनला आधी वाढा, शुटिंगला जायचंय. सोमासुद्धा मिशीत हसायचा. किशोरला शाळेत पोरं ‘हिरोईनचा’ म्हणायची आणि त्यावरून तो मारामाऱ्या करायचा. पुढे मोठा झाल्यावर मारामाऱ्या थांबल्या, कारण त्याला स्वतःलाच नीट खात्री राहिली नव्हती. आईने काहीतरी पाहिलं असेल, त्यात स्वतःला घातलं असेल, असं त्याच्या मनात येऊ लागलं होतं. आईला ते कळलं असावं. सोमा गेल्यानंतर तिने ती गोष्ट सांगणंच सोडून दिलं.

मग काही वर्षांपूर्वी नाशकातलं एक जुनं थेटर पाडायला घेतलं. किशोर ड्यूटीवरून येताना सहज बघायला थांबला. मजूर खुर्च्या, पडदे, रद्दी अंगणात टाकत होते. त्या ढिगावर एक फोटो उताणा पडला होता. एक माणूस आरशातून बाहेर येतोय आणि खाली एक बाई बेशुद्ध पडली आहे. तो सिनेमा किशोरने शाळा बुडवून इतक्यांदा पाहिला होता की संवाद पाठ होते. आरशाचा असला प्रसंग त्यात नव्हताच.

थेटराचा जुना दारवान बाजूलाच उभा होता. किशोरने त्याला विचारलं. दारवान म्हणाला, त्यात काय एवढं? फोटोवाला शुटिंगच्या वेळी फोटो काढतो, सिनेमा कापतात नंतर. कितीतरी फोटो असे असतात, की पेटीत दिसतात आणि पडद्यावर नसतात. लोक आमच्याशी भांडायचे.

किशोरने तो फोटो ढिगावरून उचलला. आईला फोटोवाल्याने ‘बस म्हणेपर्यंत’ उभं केलं होतं, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. ते वाक्य आईच्या मनाने रचलेलं असणं शक्य नव्हतं. सिनेमा कापला असेल, पण फोटो?

त्याने दारवानाला आईच्या सिनेमाचं वर्णन केलं: बंगला, तळं, कंदील. दारवानाने डोकं खाजवून नाव सांगितलं. ते नाव आज कोणाच्या लक्षात नाही आणि त्या सिनेमाची रिळंही कुठे उरली नाहीत. पण त्या दिवसापासून किशोर कामाला लागला. एसटीचा पास होताच. सुट्टी आली की मनमाड, सटाणा, धुळे, जिथे जिथे जुनं थेटर बंद पडलं होतं तिथे. रखवालदार, पोस्टर चिकटवणारे, रद्दीवाले, सगळ्यांना गाठायचं. लाजत लाजत विचारायचं, भुताच्या सिनेमाचे फोटो आहेत का? एकच फोटो मागितला तर कोणी पेटारा उघडत नसे, म्हणून तो सगळाच गठ्ठा उचलायचा. असं करत ट्रंका भरल्या. आणि खरं सांगायचं तर मधेच कधीतरी त्याला त्या फोटोंची गोडीही लागली. टाचण्यांची गंजकी भोकं, मागचे थेटरांचे शिक्के, भीती वाटावी म्हणून नट्यांनी केलेले मोठाले डोळे. तो एकेक फोटो मऊ फडक्याने पुसून कागदात ठेवायचा. कंदीलवाल्या सिनेमाचे त्याला दोन फोटो मिळाले. एकात नायक होता, एकात बंगला. आई नव्हती.

अशा फोटोंचा नाद असलेल्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता. तिथे किशोर नुसता बघायचा, लिहीत नसे. गेल्या फाल्गुनात मालेगावच्या अतीकभाईंनी तिथे एक फोटो टाकला. सायकलींच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा हा माणूस, वडील मालेगावच्या एका थेटरात काचेची पेटी सजवायचे, म्हणून त्यालाही नाद. फोटोत तळं होतं आणि काठावर पांढऱ्या लुगड्यातली उंच बाई होती. केस तोंडावर आलेले, डावा हात वर, हातात कंदील.

किशोर डेपोत बसच्या टपावर होता. तो खाली उतरला आणि चाकाला टेकून बसला. त्याने बोटांनी चित्र मोठं केलं. मोठं केलं की ते फुटायचं. मनगटाशी काहीतरी काळं होतं, पण ती सावलीही असू शकत होती. आणि फोटोच्या खालच्या पट्टीवर छापलं होतं नटीचं नाव.

त्या रात्री त्याने तृप्तीला सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने आधी ट्रंकांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"इतकी वर्षं मी सटव्या म्हणत होते," ती म्हणाली. "एकदा तरी बोलायचं होतं ना." मग तिने सकाळच्या गाडीसाठी डबा भरायला घेतला.

फोटो जमवणाऱ्या या लोकांमध्ये एक रीत आहे. एकुलती एक उरलेली वस्तू कोणी विकत नाही, अदलाबदल करतात. अतीकभाईंकडे जिन्यावरच्या मेणबत्तीवाल्या बाईच्या सिनेमाचा सगळा सेट होता, फक्त ती बाईच नव्हती. ती किशोरकडे होती, रंगवलेली, एकही टाचणी न लागलेली. त्याच्या ट्रंकांतला तो सगळ्यांत देखणा फोटो. तो त्याने दोन पुठ्ठ्यांत बांधला आणि मालेगावची गाडी पकडली.

आग्रा रोडवरच्या दुकानात, ट्यूब आणि पेडलांच्या मधे अतीकभाईंनी आपला फोटो पुढ्यात ठेवला. एक कोपरा फाटलेला, कडेला पाण्याचा डाग. किशोरचा फोटो त्यांनी उजेडात धरून पाहिला आणि त्यांचंच मन त्यांना खाऊ लागलं. ते म्हणाले, "मेरा वाला फटा हुआ है, किशोरभाई. तुम्हारा तो दुल्हन जैसा है. सोच लो, बाद में रोना नहीं."

किशोरने खिशातून डेपोतलं भिंग काढलं. तारांचे बारीक जोड बघायला तो ते वापरायचा. त्याने ते मनगटावर धरलं. पदर कोपरापर्यंत घसरला होता. मनगटाला मण्यांचे तीन वेढे होते, काळे, आणि मधोमध एक पांढरा ठिपका. ठिपक्याला खाच होती. कवडी.

सिनेमातून आईला का कापलं, तेही त्याला तिथेच समजलं. कुंवार भुताच्या हातात पोत. पडद्यावर ती सगळ्यांना दिसली असती.

त्याने भिंग खाली ठेवलं आणि लगेच पुन्हा उचललं. अतीकभाईंनी विचारलं, काय झालं. किशोर एवढंच म्हणाला, "ये मेरी माँ है."

अतीकभाईंनी भुताकडे पाहिलं, किशोरकडे पाहिलं आणि जिन्यावरची बाई त्याच्याकडे सरकवली. "पहले बोलना था ना. माँ के बदले में कोई कुछ लेता है क्या?" मग वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट त्यांनी सांगितली. मालेगावात तो सिनेमा उतरेपर्यंत हा फोटो पेटीत मधोमध होता. नायकाचा बाजूला. कारखाने सुटले की लोक पेटीपुढे गर्दी करायचे, आणि त्यातले कित्येक तिकीट न काढता नुसतं हे भूत बघून घरी जायचे. मालक वैतागला, पण वडिलांनी फोटो हलवू दिला नाही.

किशोरने चहा घेतला, आईचा फोटो पुठ्ठ्यात बांधला आणि उठला. जिन्यावरची बाई त्याने तिथेच, पेडलांवर, ठेवून दिली. अतीकभाई हाका मारत राहिले, पण एसटीचा माणूस गाडीच्या वेळेला थांबत नाही.

चैत्रात वाडीवर बोहाडा असतो. देवांची, राक्षसांची लाकडी सोंगं निघतात, आसपासच्या पाड्यांवरून लोक येतात. त्या दिवशी भल्या सकाळी किशोर आणि तृप्ती तीन ट्रंका घेऊन टेम्पोने वाडीवर पोहोचले. किशोरने डेपोत जुन्या बसच्या खिडक्यांच्या काचांची एक मोठी पेटी केली होती, आत दिवे लावलेली. शाळेच्या पडवीत ती उभी केली आणि तिच्यात भुतं लावली. चोहोबाजूंनी मांजरं, हात, हवेल्या. मधोमध फडक्याने झाकलेली एक चौकट.

आईला मात्र त्याने सकाळीच घरात फोटो दाखवला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लांबचं बरं दिसे, जवळचं जेमतेम. तिने फोटो हात लांब करून धरला. मग म्हणाली, "हात बघ कसा सरळ धरलाय. हालला नाय." तिने डोळे पुसले नाहीत की काही नाही. उठली आणि माळ्यावरचा कंदील शोधायला लागली.

पडवीत गर्दी जमली. पोरं मांजराला बघून मागे सरकत होती, म्हातारे हसत होते. भागीबाई काठी टेकत आली. ऐंशीच्या पुढची, पण जीभ तशीच. तिने विचारलं, "किशोर, एवढी भुतं आनलीस, आता आमची हिरोईन पन लावलीस का?"

"लावली, काकी," किशोर म्हणाला आणि त्याने फडकं काढलं.

लोक पुढे सरकले. कोणीतरी कौतुकाने हं केलं. भागीबाईचा मुलगा संतोष पंचायतीत मेंबर, चष्मा लावणारा. त्याने खालची पट्टी वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नटीचं नाव घेतलं. "ही तर तीच. नाव छापलंय ना खाली. किशोर, तू पन काय..."

मागून दोघं-तिघं हसले. तेच जुनं हसू, बैलगाडीतलं. किशोरकडे भिंग होतं, कवडी होती. पण त्या पोतीचा दोरा कुजून किती वर्षं झाली होती, आणि ती कवडी ओळखणारं माणूस वाडीत एकच उरलं होतं. ते माणूस काठीवर रेलून उभं होतं आणि गप्प राहिलं असतं तरी कोणी विचारणार नव्हतं.

किशोरने खिशातून भिंग काढून भागीबाईच्या हातात दिलं. तृप्तीने तिला कोपराला धरून काचेजवळ नेलं. फुलाबाई मागे खांबाला टेकून उभी होती. ती पुढे आली नाही.

भागीबाईने काचेला नाक लावलं. भिंग वर, खाली, पुन्हा वर. वाचता येत नसल्यामुळे खालच्या नावाशी तिचं काही घेणंदेणं नव्हतं. ती मनगटाशी थांबली.

"संत्या," ती काचेवरून नाक न काढता म्हणाली, "इकडं ये. ही कवडी तुझ्या करदोड्याची हाय. मनी कमी पडले व्हते. मीच सोडली, मीच ववली. तू दोन दिस रडत व्हतास."

संतोषने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग हे नाव?"

"नाव छापनाऱ्याला इचार. पोत माझी हाय."

मग ती वळली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने धाकट्या जावेकडे पाहिलं ते वरून खालपर्यंत, सावकाश, जसं नवरीकडे पाहतात तसं. "काय गं," ती म्हणाली, "पोत काढत नाय म्हनून सिनेमा घालवलास व्हय?"

"नवरा जिता व्हता," फुलाबाई म्हणाली.

"व्हता खरा." भागीबाईने काठी आपटली. "पन भूत लय चांगलं झालीस. मी तर भ्याले असते."

आता जे हसू फुटलं ते वेगळं होतं. बाया फुलाबाईला ओढून काचेपुढे घेऊन आल्या. प्रत्येकीला मनगट बघायचं होतं, भिंग हातोहात फिरायला लागलं. किशोरने अतीकभाईंचं सांगणं तिथे उभं राहून सगळ्यांना सांगितलं, न अडखळता: मालेगावात हा फोटो मधोमध लागला होता, नायक बाजूला. तो एवढं मोठ्याने कधी बोलला नव्हता. तृप्तीने आपल्या मोबाइलवर त्याचाच फोटो काढला.

दिवस मावळायला आला तशी सोंगांची तयारी सुरू झाली. संबळवाले आले. एरवी पहिला मान देवाच्या सोंगाचा आणि तो त्याचाच राहिला, पण त्याआधी भागीबाईने संबळवाल्याला काहीतरी सांगितलं. तो हसला आणि त्याने एक थाप मारली. लोकांनी वाट केली. फुलाबाई शाळेच्या पडवीतून उतरली. पांढरं नव्हे, हिरवं लुगडं, केस बांधलेले, पंचाहत्तरी जवळ आलेली. डाव्या हातात माळ्यावरचा कंदील, किशोरने वात घालून पेटवलेला. ती मोकळ्या जागेच्या मधोमध आली, थांबली, आणि कंदील उंच धरला.

संबळ वाजत राहिला. हात हलला नाही. किशोर काचेच्या पेटीशी उभा होता. एकदा आत बघत होता, एकदा बाहेर, आणि दोन्हीकडे तोच हात होता.

बस म्हणायला कोणी पुढे होईना. शेवटी भागीबाईच काठी टेकत तिच्यापाशी गेली.

"बस कर आता, हिरोईन," ती म्हणाली. "हात दुखंल."